अर्धं बोट वर

नववीत असताना माझ्या हाताखाली पाच मुली होत्या. हे लिहिताना आजही मान जराशी ताठ होते, तर त्या वेळी काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. पेणच्या आमच्या शाळेच्या बँड पथकात सहा साइड ड्रम होते आणि त्या सहांची प्रमुख मी. बासऱ्यांची प्रमुख वेगळी, झांजांची वेगळी, पण त्यांना कोण विचारतं, असा माझा तोरा. बासरी चुकली तर सूर कडू लागतो, ड्रम चुकला तर चाळीस मुलींचे पाय चुकतात, असं पीटीचे सर म्हणायचे. मी ते वाक्य घरी इतक्यांदा म्हणून दाखवलं, की एकदा आईने विचारलं, मग आज भांडी घासणार आहेस की चाळीस मुलींचे पाय सांभाळणार?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डिसेंबरात रोह्याला शाळांची बँडस्पर्धा होती आणि आमची शाळा पहिल्यांदाच उतरणार होती. सरांनी दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज शाळा सुटल्यावर सराव घ्यायला सुरुवात केली. ड्रमचे ठोके ते बोलांनी शिकवायचे. 'दे दे भाकर, दे दे भाकर, दे गं दे गं दे गं दे.' संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असताना तासभर हे म्हणायचं आणि वाजवायचं म्हणजे शिक्षाच होती. पण ते बोल अंगात असे मुरले, की अजूनही बँकेच्या रांगेत उभी असले की माझी बोटं पर्सवर भाकर मागायला लागतात.

आमच्या सहांतली एक कासूहून यायची. सकाळच्या गाडीने पेणला आणि संध्याकाळच्या गाडीने परत. घरी भातशेती, भात निघालं की त्याच जमिनीत वाल. अंगाने किरकोळ आणि बोलायला कमी. सरावामुळे तिची नेहमीची गाडी चुकायची आणि पुढची गाडी येईपर्यंत ती स्टेशनवर एकटी बसून राहायची, पण सराव तिने एकदाही बुडवला नाही. ड्रमचा पट्टा खांद्याला काचतो म्हणून तिच्या आईने त्याला आतून चिंध्यांची गादी शिवून दिली होती. त्या गादीला मी मनसोक्त हसले होते. पुढे माझाही खांदा सोलवटला तेव्हा मी गुपचूप आईकडून तशीच गादी शिवून घेतली, ती गोष्ट वेगळी.

स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना सरांनी चालतं पथक मध्येच थांबवलं. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले की साइड ड्रममध्ये कुणीतरी एक मागे पडतंय. सहा ड्रम एका हाताने वाजवल्यासारखे वाजले पाहिजेत, इथे एक शेपूट ऐकू येतंय. कोण ते त्यांना गर्दीत कळत नव्हतं. ते शोधायचं काम माझं.

"दोन दिवस देतो," ते म्हणाले. "शेपूट गेलं नाही, तर रोह्याला तुझ्या जागी दुसरी उभी राहील. तू मागच्या रांगेत."

हे त्यांनी चाळीस मुलींसमोर सांगितलं. माझे कान असे तापले की त्यावर भाकरी भाजली असती. मागची रांग! मी घरी, गल्लीत, रामवाडीच्या मावशीकडे, सगळीकडे सांगून बसले होते की रोह्याला सगळ्यांत पुढे मी असणार. मावशीने तर शेजारच्या दोघींना स्पर्धा बघायला बरोबर घ्यायचं ठरवलं होतं. आता त्या सगळ्या येणार आणि मला मागच्या रांगेत शोधणार, या विचाराने त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी मांडली. पद्धत माझी स्वतःची, आणि मला ती फार हुशारीची वाटली होती. पाचही जणींना व्हरांड्यात एकेक करून बोलवायचं. माझ्यासोबत तिने वाजवायचं, दोघींनीच. जिचा ठोका माझ्या ठोक्यावर बसणार नाही ती चोर. पहिल्या चौघी माझ्यावर अगदी चिकटल्या. कासूची शेवटी आली. चार ओळी नीट गेल्या आणि मग माझ्या प्रत्येक 'भाकर'नंतर तिची 'भाकर' केसाएवढी उशिरा यायला लागली. मी थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

मला राग आला आणि त्या रागात खूप सुटकाही होती. सापडली एकदाची. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे माझी जागा जायची वेळ आलीय, कळतंय का?

ती काठ्यांकडे बघत म्हणाली, "मी पायावर वाजवते गो. पाय पडतो तवा मारते."

"पायाबियावर नाही," मी म्हटलं. "माझ्यावर वाजवायचं."

तिने मान हलवली. पण त्या संध्याकाळी शेपूट होतंच, आणि दुसऱ्या दिवशीही होतं. आता मला ते स्पष्ट ऐकू यायचं, कारण मी त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकतच नव्हते.

तिला काढून टाकता येत नव्हतं. सहाच्या पाच झाल्या तर रांगा मोडतात, आणि रांगांचे गुण वेगळे. नवी मुलगी आठवड्यात तयार होत नाही. शिवाय सरांना नाव सांगितलं असतं तर त्यांनी तिला बाजूला घेऊन नीट तपासलं असतं, आणि तेवढा वेळ माझी जागा लटकत राहिली असती. मग मी तो उपाय काढला, जो आमच्या शाळेत एका प्रमुखाकडून दुसऱ्या प्रमुखाकडे काठ्यांबरोबरच येतो आणि ज्याबद्दल शिक्षकांना कधीच सांगायचं नसतं. माझ्या आधीच्या प्रमुख ताईने ती स्वतः दहावीत जाताना मला तो सांगून ठेवला होता. कच्च्या मुलीला पथकात ठेवायचं, गणवेश, टोपी, ड्रम सगळं द्यायचं, पण काठी पानाला लावू द्यायची नाही. पान म्हणजे ड्रमवरचा ताणलेला पडदा. काठी त्याच्या अर्धं बोट वर थांबवायची. बघणाऱ्याला हात दिसतात, कानाला बाकीचे ड्रम ऐकू येतात. याला आम्ही हवेत वाजवणं म्हणायचो.

मी तिला शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे नेऊन हे समजावलं. मग तिने विचारलं की फक्त सरावात का रोह्यालापण. मी म्हटलं, रोह्यालाच तर खरं.

"आये येनार हाय ऐकाया," ती म्हणाली.

मी म्हटलं, आईला काय कळणार आहे, सहा ड्रम एकदम वाजतात. आज इतक्या वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडचं म्हणून लिहिताना हात जड होतो, पण मी ते म्हटलं होतं, आणि अगदी सहज म्हटलं होतं. तिने मान खाली घातली आणि विचारलं की काठी किती वर ठेवायची. मी बोट आडवं धरून दाखवलं.

त्या संध्याकाळी शेपूट गेलं. सरांनी लांबूनच मला अंगठा दाखवला. मी त्यांना सांगितलं, एकीचं मनगट कडक होतं, मी नीट करून घेतलं. सर खूश. मीही खूश, पण मनात एक नवीनच धास्ती बसली. आता रोज माझा एक डोळा तिच्या काठ्यांवर असायचा. चुकून टेकली तर? चालता चालता ठेच लागून टप्पदिशी आवाज झाला तर?

रोह्याला आम्ही गाडीनेच गेलो. ड्रम चादरीत गुंडाळून बाकांखाली सारले होते. ती कासूला चढली, मागोमाग तिची आई. आईच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी आणि अंगावर घडीचं लुगडं. त्या माऊलीने सगळ्या डब्याकडे बघून मान हलवली आणि दाराजवळच्या बाकावर टेकून बसली. नागोठणं येईपर्यंत मी तिच्याकडे बघायचं टाळलं. निडीनंतर मात्र ती स्वतःच माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच मोठी ना यांच्यात? ही घरी पाटावर वाजवीत बसते." मी हसल्यासारखं केलं आणि बासरीवालीशी उगाच काहीतरी बोलायला लागले.

मैदानावर पोचलो तर बारा पथकं रांगेत बसलेली. उन्हं चढायला लागली होती. स्पर्धा सुरू होण्याआधी कर्ण्यावरून नियम सांगितले गेले, आणि त्यातला एक ऐकून मी झटकन कासूच्या मुलीकडे वळून बघितलं. परीक्षकांपैकी एक जण पथकाबरोबर मैदानात चालणार होते, आणि वाद्य हातात धरून न वाजवणारा कुणी आढळला तर पूर्ण पथकाचे गुण कापले जाणार होते. कुठल्यातरी पथकाने आधी तसं केलं असणार. म्हणजे हा शोध काही आमच्याच शाळेचा नव्हता.

ती माझ्याकडे बघत होती. तिनेही ऐकलं होतं. आमचा नंबर येईपर्यंत मला ठरवायचं होतं. 'वाजव' म्हटलं असतं तर शेपूट ऐकू आलं असतं आणि माझी जागा गेली असती. 'नको' म्हटलं तर परीक्षकांनी पकडल्यावर सगळ्या पथकाचं वाटोळं. मी हिशेब केला तो असा, की शेपूट नक्की ऐकू येणार आणि पकडलं जाणं नक्की नाही. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, अर्धं नको, पाव बोट ठेव. जवळून बघितलं तरी टेकल्यासारखं वाटलं पाहिजे. ती म्हणाली, बरं. तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

आमचा नंबर सातवा. सुरुवात छान झाली. समोर टेबलांमागे परीक्षक, बाजूला लोक, मावशी आणि तिच्या दोघी शेजारणी मला लांबून दिसल्या. मग आला सरांचा खास डाव, ज्याला आम्ही 'दार' म्हणायचो. मैदानाच्या मध्यावर सहा साइड ड्रम दोन बाजूंना होतात, तीन इकडे, तीन तिकडे, एकमेकींकडे तोंड करून जागच्या जागी पाय आपटत वाजवतात, आणि मधल्या वाटेने सगळ्या बासऱ्या, झांजा आणि मोठा ड्रम न वाजवता चालत पार होतात. तेवढा वेळ आवाज फक्त आमचा. चौतीस मुलींचे पाय आमच्या काठ्यांवर.

दारात ती बरोबर माझ्यासमोर यायची.

आम्ही उघडलो. बासऱ्या आत शिरल्या. आणि तेवढ्यात तो हातात फळी घेतलेला परीक्षक चालत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. अगदी खांद्याशी. त्याने चष्मा वर केला. मला माझ्या ड्रमचा आवाज ऐकू येईनासा झाला, फक्त त्याचा चेहरा दिसत होता. तो वाकतोय का? तो तिच्या काठ्यांकडे बघतोय का? माझे हात चालत होते, पण त्यांना कोण चालवत होतं मला ठाऊक नाही. मग माझ्यासमोरून जाणाऱ्या एका बासरीवालीने एकदम पाय बदलला. तिच्या मागचीने बदलला. तिसरी अडखळली आणि तिने माझ्याकडे घाबरून बघितलं. वाटेतल्या निम्म्या मुलींचा डावा पडत होता आणि निम्म्यांचा उजवा. झांजवाली जवळजवळ थांबलीच.

काहीतरी मोडत होतं आणि कुठे मोडतंय ते मला कळत नव्हतं. डावा कुठला तेच मला समजेना. मी मदतीला माझ्या शेजारणींकडे बघितलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना मीच शिकवलं होतं तसं.

मग मी समोर बघितलं. तिचे हात चालू होते. परीक्षक शेजारी उभा असताना, पाव बोट वर, आवाज न करता, सावकाश आणि सरळ. 'दे दे भाकर, दे दे भाकर.' तिची नजर वाटेवरच्या पायांवर होती. आणि ज्या मुलींचे पाय अजून नीट पडत होते ते तिच्या हातांवर पडत होते, माझ्यावर नाही. माझी 'भाकर' तिच्या आधी येत होती. ती मागे नव्हती. मी पुढे पळत होते, रोजच पळत होते, आणि बाकीच्या चौघी माझ्यामागे पळत होत्या. व्हरांड्यात मी सगळ्यांना माझ्यावर तपासलं होतं, मला कुणावरच तपासलं नव्हतं.

एवढं सगळं एका ओळीच्या वेळात कळलं. मी एक ठोका गिळला आणि तिच्या हातांवर नजर ठेवून पुन्हा सुरू केलं. बाकीच्या चौघी सवयीने माझ्यामागे आल्या. वाटेतले पाय दोन-तीन पावलांत एकत्र झाले, झांजवालीने मान वर केली, मोठा ड्रम पार झाला. परीक्षक फळीवर काहीतरी लिहीत पुढे सरकला. दार मिटेपर्यंत मी तिच्या काठ्यांवरून डोळे काढले नाहीत.

आमचा दुसरा नंबर आला. सरांचा आनंद पोटात मावत नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दारात ओढाताण झाली होती, पण प्रमुखाने डोकं शाबूत ठेवून सावरलं, आणि आता पुढची जागा हिच्याकडून कुणी मागू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मावशीने मला जवळ घेऊन कपाळावरून हात फिरवला. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

कासूच्या मुलीची आई शिदोरीचं फडकं सोडून बसली होती. तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी. तिने मलाही बोलावलं आणि अर्धी भाकरी हातावर ठेवली. "गर्दी व्हती, पन हिचा आवाज मी बरोबर वलखला," ती मला म्हणाली. "सगल्यांत निराला लागतो. नाय गो?"

मी म्हटलं, हो. लेक भाकरीचा तुकडा मोडत होती. तिने वर बघितलं नाही.

सोमवारी सकाळी ती वर्गाबाहेर माझी वाट बघत उभी होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काठ्या. मी तिला बोलूच दिलं नाही. रविवारी दिवसभर मनात घोळवलेलं सगळं एका दमात सांगितलं, की चूक तुझी नव्हती, माझी होती, यापुढे तू वाजवायचं, जोरात वाजवायचं, आणि रोह्याला मी तुझ्याच हातांवर सावरले.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू माझ्या हाताकडं बघीत व्हतीस."

माझी नजर तिच्या हातातल्या काठ्यांवर गेली.

"त्यो मानूस बाजूला उभा रायला तवा मी काठ्या खाली घेनार व्हते. म्हटलं, पकडू दे काय पकडायचं तं. मंग तुझं त्वांड बघितलं. म्हनून नाय थांबले." तिने काठ्या माझ्या हातात दिल्या. "घे. दुसरी कोन तरी बघ. हवेत काय, कोन पन वाजवील."

मी तिला थांब म्हटलं, दोनदा म्हटलं. ती तिच्या वर्गात निघून गेली. मी त्या काठ्या घेऊन तडक शिक्षकांच्या खोलीकडे गेले. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेले, शपथ. दारात उभी राहिले तर सर दोन बाईंना रोह्याचीच गोष्ट सांगत होते. मला बघून म्हणाले, ही बघा, आलीच. बाई माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. सरांनी माझ्या हातातल्या काठ्या बघितल्या आणि विचारलं, कुणाच्या या?

मी कासूच्या मुलीचं नाव सांगितलं. ती पथक सोडतेय, असं मी म्हटलं.

"का गं? काय झालं?"

"तिला जमत नव्हतं, सर," मी म्हटलं.

सरांनी मान डोलावली. त्यांना वाटलंच होतं, म्हणाले, आणि काठ्या कपाटात ठेवून दिल्या.